भाऊंच्या तोंडातला खडा

आमच्या खदानीच्या मालकांच्या तोंडात कायम एक खडा असायचा. मी उपमा देत नाहीये. खराखुरा, काळ्या दगडाचा, सुपारीच्या खांडाएवढा खडा. चाळणीखालच्या गिट्टीतून, म्हणजे फोडलेल्या खडीतून, तो ते स्वतः निवडायचे, धुऊन शर्टाला पुसायचे, गालात ठेवायचे आणि दिवसभर या गालातून त्या गालात फिरवत राहायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी विचारलं, "भाऊ, वजनकाट्यावर बसायचं म्हणजे मला नक्की काय काय बघायचं?" त्यांनी खडा डावीकडून उजवीकडे नेला, तो दाढेवर टक्‌कन वाजला, आणि ते निघून गेले. मला वाटलं, माणूस एक तर मुका आहे नाही तर उद्धट. दुपारी परत आले, तळहातावर खडा थुंकला आणि म्हणाले, "सगळंच पाह्यजा, मॅडम."

पुढे कळलं की खडा तोंडात असेपर्यंत भाऊंचा विचार चालू असतो. निर्णय झाला की खडा बाहेर. त्यामुळे दगड फोडायच्या आमच्या क्रशरवर कुणीच "भाऊ काय म्हणाले?" असं विचारत नसे. डंपरवाले मला फोन करून विचारायचे, "मॅडम, खडा पडला का?" मग मी खिडकीतून बघायचे आणि सांगायचे, "अजून नाही, चहा पिऊन या."

वरवट बकालच्या वरच्या अंगाला, सातपुडा जिथे जमिनीतून डोकं काढायला लागतो, तिथल्या बरडावर ही खदान होती. बरड म्हणजे काय ते ज्याने एप्रिलमध्ये पाहिलंय त्यालाच कळेल. झाड नाही, गवत नाही, काळा दगड आणि त्यावर तापलेलं पांढरं आभाळ. काट्याच्या खोलीचा लोखंडी जिना चढायचा तर आधी ओढणी हाताला गुंडाळावी लागे. मी याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याची, डिप्लोमा केलेली. नवरा नांदुऱ्याला अडत दुकानात कामाला. मी वरवट बकालला खोली घेऊन राहायचे आणि रविवारी बसने नांदुऱ्याला जायचे. माझ्या बोलण्यावर सगळी खदान हसायची. "मॅडम 'मला-तुला' बोलते बे, पुण्यावाली हाये," असं ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे. साखरखेर्ड्याला कुणी पुणं म्हटलेलं माझ्या आयुष्यात तेवढंच.

भाऊंचं दुसरं वेड बुटांचं. खदानीच्या फाटकातून बुटाशिवाय कुणी आत यायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच नाही. स्वतः भाऊ तर बूट घालूनच झोपतात अशी बोलवा होती, आणि ती खोटी असावी असं मला कधी वाटलं नाही. फाटकाशी एका पेटीत पाहुण्यांसाठी जुने बूट ठेवलेले असत. एकदा आमची सर्वांत जास्त गिट्टी उचलणारा रस्त्याचा ठेकेदार चकचकीत सँडल घालून आला. भाऊ फाटकात आडवे उभे.

"अहो भाऊ, दोन मिनिटांचं काम हाये."

"दगडाले पडाले दोन मिनिटं लागत नाही."

पेटीत त्याच्या मापाचे जे बूट निघाले ते दोन्ही डाव्या पायाचे होते. तेच घालून तो ठेकेदार खदानभर फिरला. त्याच्या मागे चालताना मला हसू आवरेना, आणि भाऊ मात्र गंभीर चेहऱ्याने त्याला दगडाचा थर समजावून सांगत होते.

सकाळी मशीन सुरू करायच्या आधी ते क्रशरच्या जबड्यात एक ठिसूळ, मऊ दगड हाताने टाकायचे. "रातभर उपाशी हाये ते. पह्यले तोंड धुऊ द्या त्याले." रहीमभाई म्हणून आमचे फिटर होते, सगळं क्रशर त्यांच्या हाताखाली. ते मशीनकडे बघून मान हलवायचे. "मॅडम, आपले शेठ पागल हाये. लेकिन मशीन कधी बिघडत नाही, ये भी सच हाये."

आणि तिसरं वेड रुमालाचं. या वेडावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

खदानीच्या पूर्वेला, उतार संपतो तिथे सुमनकाकूंचा पानमळा होता. उन्हाळ्यात आमच्याकडे वारा पश्चिमेचा. म्हणजे आमची धूळ सरळ त्यांच्या वेलींवर. खायच्या पानाचं सगळं मोल त्याच्या तोंडावर असतं. हिरवंगार, तुकतुकीत पान पाहिजे. त्यावर दगडाची भुकटी बसली की बाजारात कुणी हात लावत नाही. म्हणून भाऊ रोज संध्याकाळी स्वच्छ पांढरा रुमाल घेऊन मळ्याच्या कुंपणापर्यंत चालत जायचे. आत मात्र जात नसत. पानमळ्यात चप्पल-बूट घालून कुणी पाऊल टाकत नाही, देवघरासारखंच असतं ते, आणि भाऊ बूट काढायला तयार नसत. इतकी वर्षं शेजार, पण भाऊंनी मळा आतून पाहिला नव्हता. काकू एक पान खुडून कुंपणावरून द्यायच्या. भाऊ ते रुमालाने पुसायचे. रुमाल कळकट निघाला की दुसऱ्या दिवशी वारा फिरेपर्यंत क्रशर बंद. आम्ही चाळीसेक माणसं आणि रांगेत उभे डंपर, सगळे त्या रुमालाकडे डोळे लावून बसायचो. मला ते बघून चीड यायची. एवढं मोठं यंत्र आणि त्याची किल्ली एका पानात, असं कुठे असतं का? पण भाऊंकडे असायचं.

त्या वर्षी मात्र वारा लवकर सुटला आणि उन्हाळाभर थांबायचं चिन्ह दिसेना. रुमाल रोज कळकट. कुणीतरी म्हणालं, दगड वाहणाऱ्या पट्ट्यावर आणि चाळणीवर पाण्याचे फवारे लावा, धूळ जागच्या जागी बसेल. सगळीकडे तसंच करतात. भाऊंनी बराच वेळ खडा फिरवला. अडचण पाण्याची होती. आमच्या जुन्या खड्ड्यात पावसाचं गोडं पाणी साठलेलं होतं, पण ते प्यायचं. आमच्याकडे खाली उतरलं की खारपाणपट्टा सुरू होतो. तिथल्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ शिजत नाही. अशा मुलखात जन्मलेल्या माणसाला गोडं पाणी दगडावर ओत म्हणणं म्हणजे दूध गटारात ओत म्हणण्यासारखं.

भाऊंनी खडा थुंकला. "गोडं पाणी दगडाले? पाप हाये ते. खालून खारं आणू. ते कोणाच्याच कामाचं नाही, तं दगडाच्या तरी येईन."

सगळ्यांना ते इतकं पटलं की कुणी दुसरा शब्द काढला नाही. मलाही पटलं होतं. टँकर खारपाणपट्ट्यातून पाणी आणू लागला, फवारे सुरू झाले आणि धूळ अशी नाहीशी झाली की पलीकडच्या डोंगरावरची झुडपं दिसायला लागली. भाऊ लहान मुलासारखे खूश. रुमाल पांढरा निघाला की तो क्रशरच्या खांबाला बांधायचे. चार-पाच रुमाल तिथे फडफडत होते.

एका संध्याकाळी ते मला म्हणाले, "चला मॅडम, आज तुमीबी पाहा पांढरा रुमाल." मी गेले. काकू कुंपणाशी उभ्या होत्या, पण रोजच्यासारखं पान हातात नव्हतं. मग त्यांनी एक पान खुडून पुढे केलं. पानाच्या कडा करपलेल्या होत्या. भाऊंनी सवयीने पान पुसलं आणि रुमाल वर धरला. शुभ्र.

"रुमाल नोका दाखवू भाऊ," काकू म्हणाल्या. "जीभ लावा."

भाऊंना कळेना. मला आधी कळलं. भाऊंनी गालातला खडा हातात घेतला आणि पानाला जीभ लावली. त्यांचा चेहरा बघवेना.

"खारट."

"मले वाटलं वेलीले रोग पडला. फवारणी केली, देवाले नारळ बोलली. काल सहज पान तोंडात टाकलं तं कळलं. तुमच्या फवाऱ्याचं पाणी वाऱ्यासंगं इकडे येऊन राह्यलं. पानं जळून राह्यले, मुळ्यातबी उतरलं असीन."

"वहिनी, म्या तं धूळ बसावाले..."

"मले मालूम हाये. म्हणूनच भांडून नाई राह्यली." काकूंनी मळ्याकडे वळून पाहिलं. "सासूनं लावलेल्या वेली हायेत ह्या. मले नुसत्या सांभाळाच्या होत्या."

भाऊंनी खडा खदानीच्या दिशेने भिरकावला. "मळा वाचला तं खदान चालन. नाही वाचला तं क्रशर भंगारात. सांगून राह्यलो तुमाले."

"असं काऊन बोलता भाऊ? चाळीस घरं हायेत त्याच्यावर."

"बोललो," भाऊ म्हणाले, आणि उलट पावली चालायला लागले. मी त्यांच्या मागे जवळजवळ पळत होते. रस्त्याच्या कामांचा भर मोसम होता. आणि चाळीस घरांत एक घर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी फवारे बंद, क्रशर बंद. भाऊंनी सगळ्यांना फाटकाशी बोलावलं. "चला मळ्यात."

रहीमभाई म्हणाले, "भाऊ, अपन दगडवाले लोग. पान कसं तोडतात तेबी मालूम नाही."

"तोडाचं नाई. धुवाचं. आपल्या खड्ड्यातल्या गोड्या पाण्यानं."

"अन् प्यायला?" मी विचारलं.

"घरून आणा, मॅडम."

मळ्याच्या तोंडाशी काकू उभ्या होत्या. त्यांनी फक्त आमच्या पायांकडे बघितलं. ड्रायव्हर, फिटर, सुरुंगवाले, सगळ्यांनी बूट काढून कुंपणाबाहेर मांडले. शेवटी भाऊ खाली बसले आणि नाडी सोडू लागले. डाव्या पायाचा बूट निघाला तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्या पायाला दोन बोटं नाहीत. तरुणपणी ते दुसऱ्याच्या खदानीत घण मारायचे, पायात साधी चप्पल असायची, हे मागून रहीमभाईंनी सांगितलं. काकूंनी पदराने डोळ्याची कड टिपली आणि बाजूला होऊन वाट दिली.

मळ्यात पाऊल टाकलं आणि अंगावर काटा आला, इतकं गार. शेवरीच्या झाडांवर चढलेल्या वेलींच्या रांगा, पायाखाली ओली माती, वर हिरवा उजेड. बाहेर दगड तडकत होते आणि हाकेच्या अंतरावर हे असं काही होतं! ज्या माणसांचा आवाज मशीनच्या वरताण चालायचा, ती माणसं कुजबुजत बोलायला लागली. भेगाळलेल्या, ग्रीसने काळ्या झालेल्या हातांनी एकेक पान तळव्यावर घेऊन ओल्या फडक्याने पुसायची. फार करपलेली पानं काकू खुडून घ्यायच्या. मुळांनाही गोडं पाणी सोडलं. मग वेली उतरवायचं काम आलं. वेल उंच गेली, जून झाली की ती झाडावरून खाली उतरवतात, तिचं वेटोळं मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा वर बांधतात. पुरलेल्या भागातून नव्या मुळ्या फुटतात. अशा रीतीने तीच वेल वर्षानुवर्षं चालत राहते. त्या वर्षी काकूंनी सगळा मळा वेळेआधीच उतरवायचा ठरवलं.

"गळ्यातल्या साखळीसारखी धरजो, बाबू," असं त्या एका धिप्पाड डंपरवाल्याला सांगत होत्या, आणि तो श्वास रोखून वेल धरत होता.

सगळं झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता शेंड्याले नवं पान येऊ द्या. ते खारट नाई निघालं तं मळा वाचला समजा."

म्हणजे आता फक्त वाट बघायची. दगड फोडणाऱ्या माणसांना पालवीची वाट बघायला सांगणं ही काय शिक्षा असते ते मी पाहिलंय. लोक सकाळी येत, मळ्याकडे बघत, पत्ते कुटत. ठेकेदार गाडी घेऊन आला. या वेळी स्वतःचे बूट घालून आला होता बिचारा. "भाऊ, मी दुसरीकडून माल उचलीन. मंग परत येणार नाई." भाऊंचा खडा या गालातून त्या गालात. ठेकेदार वाट बघून निघून गेला.

त्या दिवशी माझा बांध फुटला. "भाऊ, हा हट्ट आहे. त्यांना भरपाई द्या आणि मशीन चालू करा. चूक झाली, जाणूनबुजून केली नाही. तुमच्या एका शब्दापायी आमची चूल बंद व्हायची वेळ आलीय." एवढं मी कधी वडिलांनाही बोलले नव्हते. भाऊ ऐकत राहिले. संध्याकाळी माझ्या खिडकीशी आले, हातात खडा होता.

"मॅडम, तुमचं बराबर हाये. पण भरपाई घेऊन ती बाई वेल कुठून आणीन? बाजारात वेल भेटते. सासूची वेल भेटते का?"

माझा राग गेला नव्हता, पण त्या माणसाबद्दल काहीतरी मनात कायमचं बदललं. आज मी रस्त्याच्या कामांवर गिट्टीची तपासणी करते, बऱ्याच खदानी बघते, हुशार मालक बघते. भाऊंसारखा एकही नाही. आता त्यांना कवळी बसवलीय म्हणे, आणि डॉक्टरांनी हात जोडले तरी खडा सुटलेला नाही.

बंदच्या त्या दिवसांतच धुळीचा तोडगाही निघाला. भाऊ माठाजवळ उभे राहून पाणी पीत होते. माठाला ओलं गोणपाट गुंडाळलेलं. पाणी पिऊन झालं तरी ते माठाकडे बघत उभे. मग गोणपाटावर मुठीने धूळ फेकली. ती चिकटून बसली. पुन्हा फेकली. खडा पडला. "मॅडम, तुमच्या मालकाच्या दुकानात फाटके बारदाने किती निघतात?"

माझ्या नवऱ्याने नांदुऱ्याहून फाटक्या बारदान्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे पाठवले. रिकाम्या बसलेल्या माणसांनी दाभण घेऊन ते शिवले आणि चाळणीभोवती, पट्ट्याभोवती पडदे उभे केले. ते ओले ठेवायला गोडं पाणी लागणार होतं, पण थोडंच, माठाला लागतं त्या हिशेबाने. शिवाय वारा उठायच्या आत, झुंजूमुंजू होताच काम सुरू करून ऊन चढायला लागलं की बंद करायचं, असंही ठरलं. पण मशीनला हात लावायचा नाही. शेंड्याला पान यायचं होतं.

काकूंनी निरोप धाडला नाही. एका सकाळी त्या स्वतःच आल्या. उतारावरून वर चढताना दिसल्या तसे सगळे उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्याही कधी खदानीत आल्या नव्हत्या. पदराखाली काहीतरी झाकून धरलेलं. फाटकाशी येऊन थांबल्या. वाकल्या, पायातल्या चपला काढल्या, कडेला नीट मांडल्या आणि अनवाणी आत आल्या.

मी भाऊंकडे पाहिलं. ठेकेदाराला दोन डावे बूट घालायला लावणारा हा माणूस आता काय करतो?

"वहिनी," भाऊ म्हणाले, "चटके बसतीन."

"मळ्यात कोनी चपला घालून येते का?" काकू म्हणाल्या. "तुमचा मळा हाच ना?"

त्यांनी पदर बाजूला केला. तळहातावर एकच पान होतं, कोवळं, पिवळसर हिरवं, कडेला डाग नसलेलं. भाऊंनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे बघितलं आणि तसाच परत ठेवला. गालातला खडा काढून माझ्या हातात दिला. मग पान घेतलं आणि चुना नाही, कात नाही, तसंच तोंडात टाकलं. सगळी खदान त्यांच्या जबड्याकडे बघत होती. ते चावत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तिखट," ते म्हणाले. "तिखट हाये. खारट नाई."

रहीमभाईंनी आभाळाकडे हात उचलले. कुणीतरी शिट्टी मारली. काकू हसत होत्या आणि रडतही होत्या. मला तर काय करू आणि काय नको असं झालं.

भाऊ खाली बसले. नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि काकूंच्या पुढे ठेवले.

"वहिनी, तुमी मान देल्ला, भरून पावलो. आता हे घाला. मशीन चालू होऊन राह्यलं."

"मी? हे?"

"खदान हाये. बुटाशिवाय कोनालेच सोडत नाई मी."

काकूंनी लुगडं सावरलं आणि ते भलेमोठे बूट पायात घातले. रहीमभाईंनी एक मऊ दगड त्यांच्या हातात दिला. ढोपरापर्यंत बूट आल्यासारख्या, फटॅक फटॅक पाय टाकत त्या क्रशरपर्यंत गेल्या आणि त्याच्या जबड्यात तो दगड टाकला. मी भोंगा दिला. इतके दिवस गप्प असलेलं ते यंत्र घरघरलं आणि ओल्या गोणपाटांच्या आड गिट्टी पडायला लागली.

मी भाऊंना शोधायला वळले. ते आत नव्हतेच. पायात बूट नाहीत म्हणून फाटकाबाहेर जाऊन उभे होते, अनवाणी, त्या तीन बोटांच्या पायासकट, आणि तोंडातलं पान चावत आपली खदान चालू झालेली बघत होते.